थांबा, विचारते

“थांबा, विचारते,” असं म्हणून बाई डाव्या कानावरचे केस मागे सारायच्या आणि नंबर फिरवायला घ्यायच्या. ते केस मागे गेलेले दिसले, की आमच्या इमारतीतले भलेभले देशभक्त आपापली चप्पल शोधू लागत.

तुमच्याही इमारतीचा व्हॉट्सॲप गट असेलच. पाण्याची वेळ कळावी म्हणून तो निघतो आणि महिन्याभरात तिथे देश वाचवण्याचं काम सुरू होतं. आमच्या नारायण पेठेतल्या गटावर देश दोन्ही बाजूंनी वाचवला जायचा. सरकारच्या बाजूने लेले, बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे. विरोधकांच्या बाजूने भोसले सर, कॉलेजातून निवृत्त झालेले. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आणि दोघांचा हृदयरोगतज्ज्ञही एकच. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून तिकडे बरोबर जायचे. रिक्षात एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. मांडीला मांडी लावून बसायचे आणि गटावर एकमेकांना उत्तरं लिहायचे.

या बाई आमच्याच इमारतीतल्या, पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. उभी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. बातमी खरी की खोटी हे हल्ली लोक इंटरनेटवर शोधतात, त्याला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. “तिथे लिहिणारा कोण? तुमच्याआमच्यासारखाच कोणीतरी रिकामा,” त्या म्हणत. “जो जागेवर आहे त्याला विचारावं.” त्यांची रीत साधी होती. व्हिडिओ थांबवायचा, मोठा करायचा आणि मागे एखाद्या दुकानाची पाटी दिसते का ते बघायचं. प्रत्येक दंगलीच्या मागे एखादं दुकान असतं, आणि पाटीवर नंबर असतो.

एकदा लेल्यांनी जळत्या बसचा व्हिडिओ टाकला. ‘कालची घटना. जागे व्हा.’ बाईंनी धुरातून एका टायरवाल्याचा नंबर शोधून काढला.

“हॅलो, मी पुण्याहून बोलतेय. काल तुमच्या दारात बस जळली का? नाही? मग कधी? अच्छा, मुलीच्या लग्नाच्या आधी. मुलगी कशी आहे?”

पंधरा मिनिटांनी गटावर त्यांचं निवेदन आलं. ‘बस जळली हे खरं. तेव्हा दुकानदारांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता तिची मुलगी पहिलीत आहे. सगळे मजेत आहेत.’

भोसले सरांना आनंद झाला, पण तो आठवडाभरही टिकला नाही. त्यांनी सरकारने बांधलेला पूल वाहून गेल्याचा फोटो टाकला. बाईंनी पुलाशेजारच्या मंगल कार्यालयात फोन केला. ‘पूल जागेवर आहे,’ त्यांनी कळवलं. ‘व्यवस्थापक आत्ताच त्यावरून कोथिंबीर घेऊन आले.’

त्यामुळे बाई विरोधकांच्या आहेत अशी लेल्यांची खात्री होती आणि सरकारच्या आहेत अशी सरांची. एकदा जिन्यात दोघांनी मिळून त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, आपण मत कोणाला देता?

“मतदानाला पडदा लावलेला असतो,” बाई म्हणाल्या. “कापडाचा खर्च झालाय. त्याचा मान ठेवा.”

मारामारीची भाषा त्यांना मुळीच खपत नसे. खपत नसे म्हणजे त्या चिडत नसत, तपशील विचारत. एकदा वाद तापला आणि लेल्यांनी लिहिलं, ‘अशा लोकांचे हातपाय तोडले पाहिजेत.’ सरांनी लिहिलं, ‘या. वाट बघतोय.’ बाईंनी दोघांना एकाच वेळी फोनवर घेतलं. लाइनी जोडण्यात त्यांचा हात कोण धरणार? मी तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेलो होतो, म्हणून हे संभाषण मला ऐकता आलं.

“लेले, हातपाय कधी तोडताय? सरांची फिजिओथेरपी मंगळवारी असते. तेवढा वार सोडा.”

“अहो बाई, ते तसं म्हणायचं असतं.”

“कोणाला?”

“म्हणजे, एकूणच.”

“एकूणचा नंबर द्या. विचारते.”

त्यानंतर बरेच दिवस आमच्या गटावर फक्त पाण्याची वेळ येत होती.

मग महापालिका निवडणुकीच्या तिकिटांचे दिवस आले आणि खुर्चीचा व्हिडिओ आला.

व्हिडिओत पाठमोरा, हिरव्या टीशर्टातला एक माणूस प्लास्टिकची खुर्ची उचलून पांढऱ्या सदऱ्यातल्या दुसऱ्या माणसाच्या पाठीत घालत होता. मागे आमच्या कोपऱ्यावरच्या चिवड्याच्या दुकानाची पाटी स्वच्छ दिसत होती आणि पाटीखाली ते वाक्य, ‘आमची कोठेही शाखा नाही.’ व्हिडिओसोबत मजकूर होता, ‘नारायण पेठ, काल संध्याकाळी. आपल्या कार्यकर्त्याला मारणारा हा पोहेवाला. बाहेरून येऊन दादागिरी.’

पोहेवाला म्हणजे गजानन. यवतमाळकडचा, त्या दुकानाच्या शेजारी झणझणीत रश्श्याच्या तर्री-पोह्यांची गाडी लावणारा. हिरवा टीशर्ट त्याच्याकडे होता. तसा तो अर्ध्या पुण्याकडे असेल, पण ते कोण लक्षात घेणार? आता तुम्ही विचाराल, मारामारी तुमच्याच गल्लीत झाली असती तर तुम्हाला दिसली नसती का? दिसली असती. खिडकीतून बघितलं असतं तर. पण काल संध्याकाळी सगळी गल्ली टीव्हीपुढे बसून देशात काय चाललंय ते बघत होती.

“मी तं इथंच होतो जी,” गजानन म्हणाला. “पण म्या कोणाले हातबी लावला नाई.”

“इथेच होतास ना?” लेले म्हणाले. “झालं तर मग.”

भोसले सरांचा धर्म लेल्यांना विरोध करण्याचा. पण इथे त्यांचाही इलाज चालेना. दुकानाची शाखा नाही, हे तीन पिढ्या पाटीवर लिहिलेलं. शाखा नाही म्हणजे पाटी एकच. पाटी एकच म्हणजे जागा हीच. या गल्लीत वाढलेल्या माणसाला यात खोट दिसणं शक्य नव्हतं. खुद्द बाईंनाही दिसली नाही. व्हिडिओ थांबवून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. केस मागे सारले आणि पुन्हा पुढे घेतले. “पाटी तर आपलीच आहे हो,” त्या म्हणाल्या. नंबरही न फिरवता त्या हरल्याचं मी प्रथमच बघत होतो.

दुपारी निरोप आला, पाच वाजता कार्यकर्ते जाब विचारायला येणार आहेत. जाब विचारणं म्हणजे काय ते व्हिडिओत खुर्चीसकट दिसतच होतं. आम्ही गजाननला म्हटलं, आजच्या दिवस गाडी बंद ठेव आणि कुठेतरी जा.

“गाडी सोडून कुठं जाऊ जी?” तो म्हणाला. “जे हाय ते या गाडीतच हाय.”

बाई उठल्या. “थांबा,” त्या म्हणाल्या, “विचारते तरी.” आणि चार पावलांवरच्या दुकानात त्यांनी फोन लावला.

“काल तुमच्या दारात खुर्चीने मारामारी झाली का?”

पलीकडे इतका वेळ शांतता होती, की बाईंनी सवयीने “लाइनवर आहात का?” असं विचारलं.

“बाई,” मालक हळूच म्हणाले, “फोनवर नको. मागच्या दाराने या.”

मी बरोबर गेलो. चिवड्याच्या डब्यांच्या आड मालक स्टुलावर बसले होते. घरात काहीतरी अशुभ घडावं तसा चेहरा.

“आमची,” ते म्हणाले आणि थांबले. दार लागलंय ना ते त्यांनी पाहिलं. “आमची एक शाखा आहे.”

मी आधाराला भिंत धरली.

“अमरावतीला. मेहुणा चालवतो. हिला भावाची काळजी होती हो. म्हटलं इतक्या लांब कोण बघतंय. त्याला एवढंच सांगितलं होतं, की पाटीचा फोटो पेंटरला दाखव. पेंटरने फोटोत होतं ते सगळं रंगवलं.”

“शाखा नाही, हेसुद्धा?”

“हेसुद्धा.”

बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारू नका. पुढच्याच मिनिटाला अमरावतीचा मेहुणा लाइनवर होता. होय, मारामारी त्याच्याच दारात झाली होती. मारणारा आणि मार खाणारा एकाच पक्षाचे, तिकिटावरून जुंपलेली. कुठला पक्ष? “ते आज सकाळचं विचारून सांगावं लागंन,” मेहुणा म्हणाला.

“आता हे तुम्ही बाहेर येऊन सांगा,” बाई मालकांना म्हणाल्या.

मालकांनी हात जोडले. “बाई, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आजोबा काय म्हणतील?”

“आजोबांना विचारलं असतं. पण तिकडे लाइन नाही.” मग त्यांचा आवाज खाली आला. “त्या पोराचं डोकं फुटलं तर ते तुमच्या पाटीखाली फुटेल. मी सांगून उपयोग नाही. मला सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूची समजतात. तुमच्या चिवड्याला बाजू नाही.”

पाच वाजता गल्लीत मोटारसायकली मावेनात. पुढारी कडक इस्त्रीतला होता. पोलीस चौकीत कळवलेलं होतं, पण तिथला माणूस लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत अडकला होता. गजाननने गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. पुढाऱ्याने मोबाइल वर धरला आणि म्हणाला, “हाच का रे तो?”

तेवढ्यात मालक दुकानाच्या पायरीवर आले. घसा साफ केला. पाटीकडे बघायचं टाळून म्हणाले, “हा व्हिडिओ इथला नाही. आमची शाखा आहे. अमरावतीला.”

एक मोटारसायकल अजून चालू होती, ती कोणीतरी बंद केली.

“शाखा?” पुढारी म्हणाला.

“किती वर्षं?” वरच्या गॅलरीतून लेल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

भोसले सर पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून खाली आले. “ही फसवणूक आहे,” ते म्हणाले. “मी लेल्यांशी सहमत आहे.” हे वाक्य आमच्या इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

पुढाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला. तो खरोखर दुखावला होता. “काका, आजीपासून आमच्याकडे तुमचाच चिवडा येतो. तिकडे पण हाच मसाला?” मग सगळी गर्दी गाडी सोडून दुकानाकडे सरकली आणि मालकांना मसाला, शेंगदाणे आणि नीतिमत्ता यांवर जाब विचारू लागली. गजानन गाडीमागे खाली बसला. बाईंनी त्याच्याच ग्लासात त्याला पाणी दिलं.

इथे हे संपायला हवं होतं. बाईंनी गटावर सविस्तर खुलासा टाकला, आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले. पण अंगठे गल्लीत राहिले आणि व्हिडिओ पेठा ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातून एकजण गजाननला ‘बघायला’ आला. तेव्हापासून बाई संध्याकाळी गाडीशेजारी स्टूल टाकून बसू लागल्या. “हवा खाते,” त्या म्हणायच्या. त्या गल्लीत हवा कधीच नव्हती. सोबतीला दोन्ही पक्षांचा एकेक माणूस त्यांनी सक्तीने बसवला होता, म्हणजे लेले आणि सर. मीही जायचो. पोहे चांगले असत.

एके संध्याकाळी मोटारसायकलवरून दोन दांडगे तरुण आले. “तो खुर्चीवाला कोण?” त्यांनी विचारलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “पोहे खा. तुम्हाला हा व्हिडिओ कोणी पाठवला?”

“दाजींनी.”

“लावा दाजींना. मी विचारते.”

ते दोघे पोहे खात फुटपाथवर बसले. दाजींना तो ऑफिसातल्या एकाने पाठवला होता. बाईंनी त्याला गाठलं. त्याला सासऱ्यांनी पाठवला होता. सासऱ्यांना गाठलं. लेले आणि सर, दोघेही एकमेकांच्या पक्षाच्या प्रचार विभागाचं नाव निघायची वाट बघत टवकारून बसले होते.

“व्हिडिओ कुठूनही येऊ दे,” बाई सासऱ्यांना म्हणाल्या. “हा पोहेवाला आहे, असं आधी कोणी म्हटलं? अच्छा, सकाळी टेकडीवर फिरायला येतात ते. नंबर सांगा.”

जुन्या ऑपरेटरच्या सवयीने त्या एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेल्या. पाचव्या-सहाव्या आकड्याला माझ्या शेजारी लेल्यांचा चमचा पोह्यांत थांबला. पुढच्या आकड्यांना तो तिथेच होता. बाईंनी चष्म्यावरून एकदा त्या चमच्याकडे पाहिलं. त्या दोन तरुणांनीही खाणं थांबवलं होतं. त्यांचे दंड लेल्यांच्या मांडीएवढे होते.

बाईंनी नंबर लावला नाही. मोबाइल नुसता कानाला धरला, थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि तो त्या मुलांना परत दिला. “लागत नाही,” त्या म्हणाल्या. “नंबर चुकीचा असणार.”

त्यांच्या तोंडून खोटं मी एवढंच ऐकलं. गजाननच्या पोह्यांचे पैसे देऊन ती मुलं निघून गेली. मग बाई उठल्या आणि लेल्यांना म्हणाल्या, “माझे गुडघे दुखतात हल्ली. उद्यापासून स्टुलावर तुम्ही बसा.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलीकडे मांजरी उपनगरात राहायला गेल्या आणि गटातूनही बाहेर पडल्या. तिथल्या सोसायटीच्या गटावर सध्या फक्त पाण्याची वेळ येते, असं ऐकतो.

लेले मात्र रोज बसतात. अजूनही अधूनमधून कोणीतरी मोबाइल पुढे धरत येतो. लेले उठून उभे राहतात आणि खुर्ची, अमरावती, मेहुणा, पेंटर असं सगळं पहिल्यापासून सांगतात. लेल्यांच्या घरी मिरची फक्त बाळाची दृष्ट काढण्यापुरती आणतात. गजाननला मूळ गोष्ट ठाऊक नाही. काका आपल्यासाठी एवढं बसतात म्हणून तो त्यांच्या बशीत तर्रीचा आणखी एक डाव ओततो. लेल्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत असतं.

“आणखी देऊ का जी?” गजानन विचारतो.

लेले बशी पुढे करतात.