डॉक्टरच्या गाडीचा रोग

त्याला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वायरी जोडण्यात गेलेली. नुसता बॉनेटवर हात ठेवून रोग सांगतो, अशी त्याची ख्याती होती. ती मुख्यतः त्यानेच पसरवली होती.

त्याची स्वतःची गाडी वडिलांच्या वेळची. तिची बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनामो काढून त्याने नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला होता, आणि ही हकिगत तो वाटेल त्याला थांबवून ऐकवी. तीच गाडी महिन्याभरात चार वेळा बॅटरी उतरून रस्त्यात बंद पडली, चारही वेळा बायको शेजारी बसलेली असताना. चौथ्यांदा बायको तडक चालत घरी गेली आणि तिने गाडीला गिऱ्हाईकच ठरवून टाकलं.

"रविवारी दहाला येतील. तोवर बरी झाली तर ठेवा."

डॉक्टर कामाला लागला. त्याने अल्टरनेटरचे कार्बन बदलले, रेग्युलेटर बदलला, बेल्ट ताणला, बॅटरीला शिव्या घातल्या. इंजिन चालू करून सणसणीत रेस द्यायची आणि मग मीटर लावायचा, ही त्याची जुनी खोड. मीटर दर वेळी चौदा व्होल्ट दाखवी, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. एकदा तर त्याच्या मनात आलं, गाडीला बायकोचं वजनच झेपत नसावं. हे निदान त्याने कोणाला सांगितलं नाही, एवढी अक्कल शाबूत होती.

रविवारी नऊ वाजता तो बंपरपाशी तोंड पाडून बसला होता. बायकोने चहा आणून दिला.

"अहो, तो लाल दिवा तुम्ही दुरुस्त केलात ना, तेव्हापासूनच हे सुरू झालंय."

कप ओठांपाशीच थांबला. चावी फिरवली की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. पण तो दिसला की बायको घाबरायची, गाडीत बसायला नको म्हणायची. म्हणून त्याने गुपचूप बल्बच काढला होता आणि 'केलं दुरुस्त' म्हणून मिरवलं होतं. अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्याच बल्बातून जातो, हे तो गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगत आलेला. बल्ब नसला की अल्टरनेटर जागा होणार तो फक्त जोराच्या रेसने. आणि बायको शेजारी असली की डॉक्टर गाडी हाकायचा गोगलगायीसारखी, कारण तिला वेग सोसत नसे; अल्टरनेटर झोपूनच राही आणि बॅटरी उतरत जाई.

बल्ब बसवायला दोन मिनिटं लागली. तोंड उघडायला पंधरा.

"दुरुस्त नव्हता केला. काढला होता," तो म्हणाला. "तू बसणार नाहीस म्हणून. एकट्याने फिरायला मला आवडत नाही गं."

 बायको गाडीचं दार उघडून शेजारी बसली. "फिरवा चावी."

दिवा लागला. तिने सीट घट्ट धरली, पण नजर हलवली नाही. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. रेस न देताही मीटर चौदावर गेला.

दहाला गिऱ्हाईक आलं. बायकोने खिडकीची काच खाली केली.

"गाडी ठणठणीत आहे, विकायची नाही. डॉक्टर हवे असतील तर विचार करू."