पुढचे सोफे

कार्यक्रम सुरू होण्याआधी तो खांद्यावरच्या दुपट्ट्याने पहिल्या रांगेतले सोफे स्वतः पुसायचा. मग मागे सरून पाहायचा आणि म्हणायचा, "गाणं आयकाले कोण येते बे? लोकं बसाले येतात."

आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. बुलढाण्यात गाण्याचा कार्यक्रम कोणाचाही असो, मैदान, मंडप, माइक आणि परवानगी भाऊच्या मुठीत. त्याला डावलून कोणी काही ठरवलं, तर ऐन वेळी मैदान मिळायचं नाही. मिळालंच तर वीज जायची. मी त्याचा निवेदक. गोड बोलायचं काम माझं, बाकी सगळं त्याचं.

पांढऱ्या खोळींचे ते सोफे तुम्हीही तुमच्या गावात पाहिले असतील. ते विकायचे नसतात. ते साहेबांचे आणि पुढाऱ्यांचे, आणि ही मंडळी बहुधा येतच नाहीत. एका मास्तरांनी एकदा विचारलं, "भाऊ, तिकीट येवढं महाग काऊन?"

"पुढचे फुकट बसतात ना, मास्तर. त्यायचे पैसे तुम्ही नाही तं कोण देईन?"

मास्तरांनी पैसे मोजून तिकीट घेतलं. असल्या उघड निर्लज्जपणाशी भांडायचं तरी कसं?

पिंपळगाव राजाचे एक म्हातारे भाजी पिकवायचे आणि भजनात पेटी वाजवायचे. मुलीला गाणं त्यांनीच शिकवलेलं. बाहेरून आलेल्या ऑर्केस्ट्रात तिला एक गाणं मिळालं. भाऊने तिला बिदागी दिली नाही, संधी दिली. म्हातारे तिकीट काढून दुपारपासूनच येऊन बसले होते.

"भाऊ, मले कमी आयकू येते. पोरीचं पहिलं गाणं हाय. सोफ्याच्या कोपऱ्यात बसू द्या."

"साहेब येऊन राह्यले, बाबा."

"ते आले का उठतो मी."

"मांगं जा," भाऊ म्हणाला आणि त्यांनी हात टेकवला होता ती खोळ पुन्हा सारखी केली.

मुलगी गायली. गाताना तिची नजर पुढच्या रांगेत बापाला शोधत होती आणि पुढे सगळे सोफे रिकामे होते. कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्यांनी मला गाठलं. "कशी गायली हो पोरगी?" मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली. भाऊचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आणि तरी एक सांगायला हवं. भाऊ स्वतः त्या सोफ्यावर कधी बसला नाही. मंडपामागे उभ्याउभ्याच गार झालेला आलुबोंडा खायचा. बायकोलाही बसू द्यायचा नाही. "घरचे पुढं बसले का जागेची किंमत जाते," म्हणायचा. त्या वेळी मला तो केविलवाणा वाटायचा.

गेल्या वर्षी भाऊ हार्टअटॅकने गेला. शोकसभा त्याच मैदानावर ठेवली. त्याच्या माणसांनी त्याच्याच शिस्तीने सोफे मांडले, पुसले आणि स्पीकरही फक्त सोफ्यांपुरतेच लावले. पुढारी येणार होते. वहिनी शेवटच्या खांबाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी जाऊन म्हणालो, "वहिनी, पुढं चला."

"नको भाऊजी. त्यायले चालत नाही."

बराच वेळ वाट पाहूनही पुढाऱ्यांपैकी कोणी आलं नाही. स्टेजवर हार घातलेला भाऊचा फोटो, समोर रिकामे सोफे. मी सवयीने 'उपस्थित मान्यवर' म्हणून सुरुवात केली आणि भाऊबद्दल होतं नव्हतं तेवढं चांगलं बोललो. दूर खांबाजवळ वहिनी कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.