कळ्यांसकट छाटणी

मनकर्णाबाईंच्या गुलाबांचं कौतुक माझ्यापुढे कोणी करू नका, डोकं फिरतं माझं. फुलं हवीत सगळ्यांना, फुलं वाढवणारी नको!

केळझरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत शिकवते. त्यांचं किराणा दुकान, आता मुलगा प्रफुल सांभाळतो. त्यांचे यजमान नत्थूजी भारी हौशी. नागपूरहून उंच कलमी गुलाब आणायचे, आणि आमच्याकडचा मे महिना ते भाजून काढायचा. दर वर्षी तोच तमाशा. शेवटी मनकर्णाबाई वैतागल्या. पवनारला बहिणीच्या अंगणात ठेंगणा, झुडपी गुलाब होता. त्याच्या पेन्सिलीएवढ्या काड्या आणून त्यांनी कुंपणाच्या कडेनं खोचल्या. गुडघ्याच्या वर जात नाहीत ही झुडपं, पण चिवट म्हणजे किती! बुडाशी शेणखत, त्यावर वाळल्या पाल्याचा थर, सकाळी मुळाशी पाणी. बाकी काही लाड नाहीत. दिवाळी झाली की बाई छाटणी करायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, वर तिरपा काप देऊन. संक्रांतीला सगळं कुंपण गुलाबी व्हायचं आणि हळदीकुंकवाची तबकं त्याच फुलांनी भरायची.

मग नत्थूजी गेले. गेल्या संक्रांतीला सुनेनं, रूपालीनं, हळदीकुंकू केलं. फुलं सासूची, तिळाचे लाडू सासूच्या हातचे, आणि सासू कुठे? स्वयंपाकघरात, दार लोटून! "आई, तुम्ही आतच बसा, बायका काय म्हणतील," म्हणे. ही शिकलेली मुलगी! मी उठून आत गेले, तर ह्या आपल्या मुकाट लाडू वळताहेत.

"बोलत का नाही हो तुम्ही?" मी म्हटलं.

"काय बोलू मास्तरीणबाई? तिचं घर आहे आता."

खरं सांगते, मला त्यांचाच संताप आला. हे घर बांधताना विटांवर पाणी कोणी मारलं होतं?

यंदाही दिवाळीनंतर छाटणी झाली, झुडपं कळ्यांनी लगडली. म्हटलं, घ्या, बाईंची हमाली पुन्हा सुरू. आणि संक्रांतीच्या तोंडावर एका सकाळी भिंतीपलीकडून कचाकच आवाज. पाहते तर मनकर्णाबाई कात्रीनं कळ्यांसकट फांद्या उडवताहेत.

"अहो, कळ्या आहेत ना!"

"दिसून राह्यल्या मले." कच्च.

रूपाली धावत आली. "आई, डोकं फिरलं का तुमचं? हळदीकुंकू आलं ना चार दिवसांवर!"

"माह्या हातची फुलं चालतात, माह्या हातचे लाडू चालतात. मीच काऊन नाई चालत?" बाईंनी आणखी एक फांदी उडवली. "झाडाचं काई बिघडत नाई. पुन्हा फुटतीन. पण तुह्या तबकात नाई येनार!"

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! पण फरक पडला का? छट्! रूपालीनं वर्धेहून गुलाब मागवले, लांब दांड्यांचे, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले. सोहळा झोकात. बायका "किती छान, किती छान" करत बसल्या. छान काय डोंबल! वाससुद्धा नव्हता त्यांना.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. मनकर्णाबाई बाहेर आल्या, पोपटी लुगडं नेसून, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. रूपाली करंडा घेऊन एकेकीला कुंकू लावत येत होती. ती सासूपाशी आली, थबकली, आणि बोट सरळ माझ्या कपाळाकडे नेलं.

मी मान मागे घेतली. "आधी यांना."

"मॅडम, तसं नसते ना..."

"मग मलाही नको."

समोर बसलेल्या शोभाबाई पुटपुटल्या, "काय बाई अपशकून!" असा राग आला मला, की तिथंच त्यांना चार शब्द सुनावणार होते. पण मनकर्णाबाईंनी माझ्याआधीच हात पुढे केला. सुनेच्या हातातला करंडा घेतला, बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. करंडा परत दिला.

"आता वाण दे," त्या म्हणाल्या. "अन् दोन दे. मागच्या वर्षीचं राह्यलं माह्यं."