पाटाच्या पुलावरचा डिमर

सुरतच्या गोडादऱ्यात बाइकच्या ॲक्सेसरीजचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, हॉर्न विकू, सीटकव्हर विकू, सुखानं जगू. पण गिऱ्हाईक निघालं सगळं आपलं खान्देशी! कापडाची लूम बंद असली की येणार, चहा पिणार, गावाकडचं बोलणार आणि काहीच न घेता जाणार. माल हलत नाही, किस्से तेवढे साचतात. त्यातले निम्मे एकट्या बापूचे.

बापू नवागामला राहायचा, लूमवर कारागीर. खोलीत एकाच गावचे सहा जण, म्हणून बायको सुनंदा गावीच, सासूजवळ. "खोली भेटली की तिला घेऊन येतो," हे त्याचं वाक्य. तो दुकानात शिरला की मीच आधी म्हणून टाकायचो. तो हसायचा, पण मनापासून नाही.

*

बापूनं बाइकला एलईडीच्या जादा लाइटा बसवल्या, त्याही वर तोंड करून.

"अरे, रस्ता खाली आहे!" मी म्हटलं.

"पण मना गाव लांब शे ना!"

गल्लीत त्यानं बटण दाबलं आणि तिसऱ्या मजल्यावरून गुजराती काकी ओरडल्या, "अल्या, सूरज घरे लई आव्यो?"

*

हायवेवर समोरचे ट्रकवाले शिव्या घालायला लागले. मी म्हटलं, लाइट मंद करायला डिमर लागतो. बापू म्हणाला, "लूम दुरुस्त करतो मी, डिमर काय चीज!" आणि खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर काढून हँडलला जोडला. लाइट पेटलीच नाही. खोलीतले पाच जण घामानं निथळत विचारत होते, "पंखा कुठंय?"

बापू म्हणाला, "गाडीवर बसा. गाडी पळाली की वारा लागतो!"

*

दिवाळीला सगळे बाइकवर गावी निघाले. दिवेलागणीला सुनंदा घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर उभी. लांबून सगळ्या लाइटा सारख्याच! पाण्याचा तांब्या घेऊन पळत गेली, तर समोर सरपंचाचा पोरगा. त्यानं तांब्या घेतला आणि गटागटा पिऊन टाकला.

सासूचे गुडघे गेलेले, ती ओट्यावरूनच ओरडली, "गाड्या मोजानं बंद कर! भाकरी टाक!"

सुरतला परत येऊन बापूनं मुकाट्यानं खरा डिमर घेतला. ठरलं असं, की गावाआधीच्या पाटाच्या पुलावर आला की लाइट तीनदा मंद करायची. म्हणजे सुनंदाला कळेल, आपला माणूस आला. डिमर बसवताना तो त्या बटणावरून इतक्या हळू बोट फिरवत होता, की मलाच माझं गाव आठवलं. माझ्या गावाला आता धाबंही नाही आणि वाट बघणारंही कुणी नाही.

*

ही गोष्ट खोलीत फुटली. पाचही जणांनी माझ्याकडून डिमर नेले. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुलावर सहा गाड्या तीन-तीनदा मंद झाल्या आणि गावातल्या सहा बाया तांब्या घेऊन एकाच वेळी बाहेर! बापू महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शेवटी आला आणि म्हणाला, "तुनी डिमर नही, मना इशारा इकी टाका!"

मी विचारलं, "मग वहिनींनी ओळखलं कसं?"

बापू लाजला. सुनंदा त्याला म्हणाली होती, "मंद करीसन परत मोठी कराले जो भुलना, तो मना."

*

शेवटी लिंबायतला खोली मिळाली आणि सुनंदा सुरतला आली. या अखाजीच्या आधी बापू दुकानात आला, मागच्या सीटवर सुनंदा, हातात भाजीची पिशवी. आज ते खोलीचं वाक्य म्हणायची गरजच नव्हती.

"लाइटा काढी टाक," बापू म्हणाला. "दखनारी तर मागे बशेल शे. आते कोणले दखाडू?"

मी पाना उचलला. सुनंदा खाली उतरली आणि दोन्ही लाइटांसमोर आडवी उभी राहिली.

"नका काढू, भाऊ. आते यास्नी आई चढस धाबावर."