दोन बोटांचं माप

नवं जाळं दिसलं की आमचे मासेमार मामा आधी त्याच्या भोकात उजव्या हाताची दोन बोटं घालायचे. आरपार गेली तर मान डोलवायचे. अडकली तर मालकाकडं बघून म्हणायचे, "हे जाळं न्हाय, चोरी हाय."

उजनी धरणाच्या करमाळ्याकडच्या काठावर तुम्ही कधी मासे घ्यायला थांबला असाल, तर हे माप तुम्हीही पाहिलं असेल. बारीक जाळ्यात बोटाएवढी पिल्लंही येतात. ती उपसली की पुढच्या वर्षी धरणात नुसतं पाणी उरतं. मामा चहाच्या गाळणीलाही बोटं लावून बघत. "हिच्यावर बी काढा की पत्रक, पत्रकवाले!" मला रामरामसुद्धा तीच दोन बोटं उचलून.

पत्रकं मी लिहीत होतो. त्यांचंच 'हे जाळं न्हाय, चोरी हाय' मथळा करून गावोगाव वाटलं. शेवटी काठावरच्या सगळ्यांनी बारीक जाळी जाळायचं ठरवलं. पहिलं जाळं मामांनी आगीत टाकलं. धुरानं डोळे चोळत मी म्हणालो, "मामा, आपण जिंकलो."

"तू लई लवकर जिंकतोस," ते हसले.

बाहेरच्या टोळ्यांचीही बारीक जाळी बंद करा, असं निवेदन घेऊन आम्ही दोघं सोलापूरला, सात रस्त्याजवळच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत जाणार होतो. सकाळी त्यांना घ्यायला काठावर गेलो. त्यांच्या होडीत एका पोत्याखालून पाणी गळत होतं. पोतं उचललं. खाली निळं, नवं जाळं. मी दोन बोटं घालून पाहिली. करंगळीसुद्धा जाईना. आत पिल्लं तडफडत होती.

"मामा, तुम्ही तर जाळलं होतं!"

"फाटकं जाळलं." ते इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं लावत होते. "समद्यांनी फाटकीच जाळली की. नवं कोन जाळतंय?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू लई खूश हुतास."

त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. ठेकेदारानं फसवलं, पुढाऱ्यानं फसवलं, तर पत्रक निघतं. आपल्याच माणसानं फसवलं तर कुणाच्या नावानं काढायचं? मी पिल्लं ओंजळीनं पाण्यात सोडली. बरीचशी उलटीच तरंगली. सोलापूरला कुणीच गेलं नाही.

पुढं मासा आटला. मामा काठ सोडून माळशिरसला लेकीकडं गेल्याचं कळलं. परवा करमाळ्याच्या स्टँडवर दिसले. मी हाक मारली. सवयीनं त्यांचा उजवा हात वर आला, दोन बोटं उचललेली. मग तो हात त्यांनी खिशात घातला आणि डाव्या हातानं दांडा धरून एसटीत चढले.