अण्णांना न सांगता गाडीत बसवलेला ट्युनिंग बॉक्स

मित्रांनो, आज सकाळी जळकोटला आमच्या टर्बो डिझेल गाडीत मी पिकअप वाढवायचा ट्युनिंग बॉक्स बसवला.

दुपारी धाराशिव स्टेशनापर्यंत मीच चालवली. शेजारी वडील, आमचे अण्णा, खुश. "आज लई हलकी पळायलीय रे!"

"सर्व्हिसिंग केलंय, अण्णा." खोटं बोललो. खरं कळलं असतं तर बॉक्स काढायला लावला असता.

आता मी पुण्याच्या रेल्वेत, अन् अण्णा एकटेच गाडी घेऊन माघारी. उसाचा ट्रॅक्टर दिसला की पाय पूर्ण दाबून ओव्हरटेक करायची त्यांची सवय. आता तेवढं दाबलं तर गाडी झेपच घेईल.

फोन उचलंनात. चालवताना उचलू नका, असं मीच बजावलंय.

तुळजापूर-जळकोट रस्त्यावर कुणी हाय का? पांढरी गाडी, टपावर कॅरियर. हात करून थांबवा अन् सांगा, पोरगं खोटं बोललंय, हळू चालवा.