हाकेला ओ येईपर्यंत

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी सुट्टीवर डिंभ्याला होतो. धरणाच्या काठी भावाबरोबर जाळं सोडवत बसलो होतो. टेलिफोनवाल्याचा निरोप आला की युनिटचा फोन आहे, लगेच निघा. एसटीच्या भरवशावर राहिलो असतो तर अजून तिथंच असतो. मासळीच्या टेंपोत बसून मंचर गाठलं. स्टँडवर हवालदार सिद्धार्थ भालेराव काळी ट्रंक घेऊन उभे होते. त्यांनाही तोच फोन आला होता. ते जुन्नर तालुक्यातले, ओझरजवळच्या एका वस्तीतले, आणि मी आंबेगावचा. दोन तालुक्यांमध्ये फक्त एक शीव, पण पलटणीत त्यांनी मला कायम पावणं म्हणूनच हाक मारली.

"कुठं चाललोय, भाऊ?" मी विचारलं.

"आफ्रिका. काँगो. निळं टोपडं घालायचं म्हणं."

निळं टोपडं म्हणजे शांतिसेनेचं हेल्मेट. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. भारताच्या तुकड्या तेव्हा तिकडं जात होत्या. लढाई करणं हे आमचं काम नव्हतं. लढाई होऊ न देणं हे काम होतं, आणि ते जास्त अवघड असतं. नागरी माणसाला हे पटत नाही. त्याला सैनिक म्हटलं की गोळीबारच आठवतो. प्रत्यक्षात आमचा दिवस म्हणजे पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज उभं राहणं, मग शस्त्रसफाई, चहा, पेट्रोलिंग आणि संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. पोस्ट एका टेकडीवर होती. खाली केळीच्या बागांमध्ये गाव होतं. आसपासच्या जंगलात हत्यारबंद टोळ्या फिरायच्या. बाजाराला निघालेल्या बायकांना त्या वाटेत लुटायच्या आणि तरण्या बायकांना उचलून न्यायच्या. म्हणून बाजाराच्या दिवशी आमची प्लॅटून एस्कॉर्ट द्यायची. बायका चालत जायच्या, पुढे आणि मागे आमच्या गाड्या असायच्या.

तिथं लोक स्वाहिली बोलतात. पहिल्या आठवड्यात आमची मराठी पोरं हसून बेजार झाली. डोक्यावर केळीचा घड घेतलेली बाई गेटसमोरून गेली आणि लोक तिला मामा म्हणत होते. तिकडं मामा म्हणजे आई. कुठल्याही लेकुरवाळ्या बाईला मानानं मामाच म्हणायचं. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. सीता म्हणजे सहा, मोजा म्हणजे एक, आणि पाण्याला म्हणायचं माजी. आमच्या सुभेदारसाहेबांची पेन्शन जवळ आली होती. कुणीतरी त्यांना म्हणालं, "साहेब, माजी सैनिक झालात की इथं तुम्हाला हंड्यात भरून ठेवतील." साहेब त्याच्यावर डोळे वटारून पाठमोरे झाले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले.

ट्रकचा ड्रायव्हर लान्सनायक मुरुगन तमिळ होता. त्याची तक्रार वेगळीच होती. भालेराव दर वाक्याला नाय म्हणायचे, आणि तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा. "हवालदार साब सुबह से शाम तक कुत्ता कुत्ता करता है," असं तो सगळ्यांना सांगायचा. भालेराव त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "नाय रं मुरुगन, नाय."

आम्ही नुसते हसलो. भालेरावांनी मात्र ते शब्द कामाला लावले. दोन महिन्यांत ते गावातल्या प्रत्येक बाईला नात्यानं हाक मारायला लागले. ही मामा फुराहा, ती मामा एस्तेर, लेकराला पाठीशी बांधून येणारी ती दादा नीमा. बायका त्यांना काका म्हणायच्या. एकदा मी विचारलं, "भाऊ, बाईला दादा म्हणताना जीभ अडखळत नाही का?"

"का आडखळंल?" ते म्हणाले. "पिंपळगावं किती हायेत आपल्याकडं? एसटीत बसताना आपुन इचारतोच, कुठलं पिंपळगाव. म्हणून एक खरं आन् बाकीची खोटी, असं व्हतं का? ह्ये दादाबी एक गावच हाय. आपल्याला म्हाईत नव्हतं, इतकंच."

मी सतरा भाषांच्या माणसांत नोकरी केली. परक्याच्या शब्दाला इतक्या सरळ मनानं घरात घेणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिकडं नेली होती, ती त्यांच्या वस्तीची. त्यांचे वडील टेंपो चालवायचे. बाजाराच्या दिवशी वस्तीतली माणसं त्यातून मंचरला जायची. परत निघताना हाक घेतल्याशिवाय टेंपो हलायचा नाही. वडील फळीवर उभे राहून एकेकाला नात्यानं पुकारायचे, सखूमावशी, बबनतात्या, शांतावहिनी, आणि ज्यानं त्यानं ओ द्यायची. शेवटची ओ आली की गाडी सुरू. डोकी मोजून का भागवत नाही, असं मी विचारलं तर भालेराव म्हणाले, "डोकी मोजली तर परक्या गावचा गडी बसला तरी आकडा जुळतो, पावणं. आपलं माणूस ऱ्हातं बाजारात."

आमच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या नियमांत, काउंट होता, हाक नव्हती. भालेराव दोन्ही करायचे. बाजार उरकला की रस्त्याच्या कडेला बायकांना उभं करून ते एकेकीला पुकारायचे. ओ द्यायची हे त्यांनीच शिकवलं होतं. आधी बायकांना ते चमत्कारिक वाटलं. पुढंपुढं लांबलचक ओ देण्याची त्यांच्यात चढाओढ लागायची. आमचे लेफ्टनंट साहेब घड्याळ बघायचे, पण त्यांनी कधी अडवलं नाही.

त्या दिवशी बाजार उठायच्या बेतात होता. समोरच्या निलगिरीच्या रानातून पहिली फैर आली. कुणावर रोखलेली नसावी. लोकांनी माल टाकून पळावं आणि मग तो उचलावा, हा त्या टोळ्यांचा धंदा होता. दुसरी फैर मात्र माणसांच्या उंचीवर आली. बाजार उधळला. पुढच्या गाडीतून लेफ्टनंट साहेबांचा हुकूम आला, सगळ्या बायकांना ट्रकमध्ये घ्या. अडचणीसाठी म्हणून एक रिकामा ट्रक आम्ही नेहमी बरोबर ठेवायचो. मी मागच्या फाळक्याजवळ उभा राहून एकेकीला वर ओढत होतो आणि मोजत होतो. आकडा जुळला.

मी वायरलेस सेटवर बोललो. "काउंट ओके. रेडी टू मूव्ह. ओव्हर."

"रॉजर. मूव्ह."

भालेराव फाळक्यावर चढले. "थांब, मुरुगन," ते ओरडले आणि त्यांनी हाक सुरू केली. बाजूला गोळ्या माती उडवत होत्या. ते उभे राहून पुकारत होते.

"मामा फुराहा."

"ओ."

"मामा एस्तेर."

"ओ."

बायका फळीवर पालथ्या पडून ओ देत होत्या. "दादा नीमा," ते म्हणाले. ओ आली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. कोपऱ्यात एक म्हातारी अंग चोरून बसली होती. ती आमच्या गावची नव्हती. जीव वाचवायला मिळेल त्या ट्रकमध्ये चढली होती, आणि तिच्यामुळेच माझा आकडा जुळला होता.

भालेरावांनी माझ्या हातातून सेट घेतला. "सर, वन मिसिंग. दादा नीमा, साथ में बच्चा है. कव्हर फायर दीजिए, लेके आता हूँ. ओव्हर."

 ट्रकमधल्या बायकांचा जीव एका पारड्यात होता आणि एका बाईचा दुसऱ्यात. साहेब वयानं आमच्याहून लहान होते. असा निर्णय घेणं सोपं नसतं, आणि त्यांनी तो घेतला.

"रॉजर. गो."

"भाऊ, मी जातो," मी म्हणालो.

"तू मागची बाजू धर, पावणं. ती लपली असंल तर तुझ्या हाकेला भाईर येयाची नाय. तिला माझा आवाज वळखीचा हाय."

एका शिपायाला घेऊन ते वाकून पळाले. पुढच्या गाडीची मशीनगन रानावर चालू झाली. माझ्या जागेवरून फक्त बाजाराचे पत्रे दिसत होते. पुढचं त्या शिपायानं नंतर सांगितलं. भालेराव टपऱ्यांच्या मधल्या वाटेनं पुकारत गेले. शिंप्याच्या टपरीखालून बारीक आवाजात ओ आली. नीमा लेकराला पोटाशी धरून तिथं पडली होती. त्यांनी तिला बाहेर काढलं, शिपायाला पुढं घातलं, मध्ये तिला ठेवलं आणि स्वतः सगळ्यात मागं राहिले. रस्त्याच्या अलीकडच्या चरापर्यंत तिघं धडधाकट आले. शिपाई आणि नीमा चर ओलांडून ट्रकला लागले. भालेराव चरातच बसले. गोळी जॅकेटच्या वर, मानेच्या मुळाशी लागली होती.

मी आणि त्या शिपायानं त्यांना उचलून आत घेतलं. मी फाळका लावला आणि मुरुगनला ओरडलो, "चल."

मुरुगननं इंजिन चालू ठेवलं होतं, पण गिअर टाकला नाही. त्यानं खिडकीतून मागं बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "साब, हाक पूरा नहीं हुआ," तो म्हणाला.

मी भालेरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तसंच पुकारलं. "दादा नीमा."

"ओ," ती म्हणाली. तिच्यानंतर आणखी तिघी उरल्या होत्या. त्यांना पुकारलं, त्यांनीही ओ दिली, आणि ट्रक हलला.

शेवटी काही बोलले का, असं लोक विचारतात. नाही बोलले. पोस्टवर पोचायच्या आधीच ते गेले. हेलिकॉप्टर आलं तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी सगळं गाव उभं होतं. मी नोकरीत बरीच मरणं पाहिली, पण त्या दिवशी मी सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. एवढ्या मोठ्या माणसाबरोबर मला काम करायला मिळालं, याचा अभिमान मला आजही वाटतो.

मला सुट्टी मिळायला वेळ लागला. मिळाली तसा आधी त्यांच्या वस्तीवर गेलो, डिंभ्याला नंतर. वडील पूर्वीच वारले होते. घरी आई होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी भालेरावांचा युनिफॉर्ममधला फोटो लागला होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. शौर्य, कर्तव्य, देशाचं नाव, असं बरंच. तिच्यासमोर बसल्यावर ते सगळं बाजूला ठेवलं. मी नुसतं जसं घडलं तसं सांगितलं. म्हातारी पदर डोक्यावर ओढून ऐकत होती.

"कोण व्हती ती बाई?"

"तिथल्या गावातली, मावशी. हे तिला दादा म्हणायचे. तिकडं बहिणीला दादा म्हणतात."

"बहिणीला दादा," ती सावकाश म्हणाली. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "पोचली का ती घरी?"

"पोचली."

"लेकरू?"

"तेही पोचलं."

 मग तिनं जे विचारलं, ते मला कुठल्याही अधिकाऱ्यानं, कुठल्याही चौकशीत विचारलं नव्हतं.

"मंग ऱ्हायलेली हाक कुणी पुरी केली?"

"मी केली, मावशी."

"समद्यांनी ओ दिली?"

मला खोटं बोलवेना. "एक सोडून," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. टेंपोवाल्याची बायको होती ती. वस्तीची हाक तिनं उभा जन्म ऐकली होती.

"त्यो कशाला ओ दील?" ती म्हणाली. "हाक मारणाऱ्यानं ओ द्यायची नसती, बाबा. त्यानं समद्यास्नी घरी न्यायाचं असतं."

मग ती उठली आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसली.